वजन उतरते, मग पुन्हा का चढते? दीडशे वर्षांच्या प्रयत्नांचा इतिहास

वजनाबद्दल बोलायला आलेले बहुतेक रुग्ण एक वाक्य हमखास बोलतात. "डॉक्टर, मी मध्यंतरी आठ-दहा किलो कमी केलं होतं, पण सगळं परत आलं. माझ्यात निग्रहच नाही." घरचेही त्यांना हेच ऐकवत असतात. तोंडावर ताबा नाही, दुसरं काय!

वजन उतरवणे आणि उतरलेले टिकवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे समजायला वैद्यकशास्त्रालाही शंभराहून अधिक वर्षे लागली. हा इतिहास माहीत झाला, तर स्वतःला दोष देणे कमी होते आणि खाण्याच्या सवयी कुठे बदलायच्या हेही कळते. म्हणून या लेखात थोडे मागे जाऊ या.

लंडनचे बँटिंग आजोबा

सन १८६२. लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचे एक प्रतिष्ठित गृहस्थ होते. अंत्यसंस्काराची व्यवस्था करणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय होता आणि राजघराण्याचे कामही त्यांच्याकडे असे. (इन्सुलिनच्या शोधाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते फ्रेडरिक बँटिंग वेगळे.) वय ६५ च्या पुढे, उंची ५ फूट ५ इंच आणि वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो. त्यांना वाकून बुटाची नाडी बांधता येत नसे. जिना उतरताना गुडघ्यांवर भार येऊ नये म्हणून ते पाठमोरे, एकेक पायरी उतरत.

त्यांनी उपाय करायचे काही बाकी ठेवले नव्हते. रोज सकाळी दोन तास होडी वल्हवली. त्याने स्नायू बळकट झाले, पण भूकही सपाटून वाढली. तुर्की पद्धतीची वाफेची स्नाने झाली, औषधी झऱ्यांच्या गावी राहून झाले. वजन जागचे हलले नाही.

शेवटी ऐकू कमी येऊ लागले म्हणून ते कानाचे शल्यचिकित्सक विल्यम हार्वे यांच्याकडे गेले. हार्वे यांनी पॅरिसमध्ये क्लॉद बर्नार या शास्त्रज्ञाची व्याख्याने ऐकली होती. यकृत स्वतः साखर तयार करते, हा बर्नार यांचा शोध होता. हार्वे यांनी बँटिंग यांना पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे बंद करायला सांगितले. वर्षभरात ४६ पौंड, म्हणजे सुमारे २१ किलो वजन उतरले आणि कंबर १२ इंचांनी कमी झाली.

बँटिंग इतके खूश झाले की १८६३ मध्ये त्यांनी स्वखर्चाने एक छोटी पुस्तिका छापून लोकांना फुकट वाटली. ती जगभर गेली. इंग्रजीत ‘बँटिंग करणे’ हा वाक्प्रयोगच रूढ झाला. स्वीडिश भाषेत आजही वजन कमी करण्यासाठी आहार सांभाळण्याला ‘बांटा’ म्हणतात. बँटिंग १८७८ मध्ये वयाच्या ८१ व्या वर्षी वारले.

या गोष्टीतली एक बाब लोक विसरतात. बँटिंग यांनी महिनाभराचा ‘कोर्स’ केला नव्हता. त्यांनी रोजचे जेवणच बदलले आणि पुढेही ते तसेच ठेवले. लोकांनी मात्र त्यातून ‘काय खायचे नाही’ याची यादी तेवढी उचलली. ‘किती दिवस’ हा प्रश्न कोणी विचारला नाही.

कॅलरी आली, हिशोब आला

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर या रसायनशास्त्रज्ञाने एक खास बंदिस्त खोली तयार केली. माणसाला काही दिवस त्या खोलीत ठेवायचे, त्याने काय खाल्ले ते मोजायचे आणि शरीरातून किती उष्णता बाहेर पडली तेही मोजायचे, असा तो प्रयोग होता. आपण आज वापरतो ते आकडे याच कामातून आले. एक ग्रॅम कर्बोदके किंवा प्रथिने म्हणजे सुमारे ४ कॅलरी आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थ म्हणजे ९ कॅलरी.

हे गणित सामान्य माणसाच्या स्वयंपाकघरात नेले ते डॉ. ल्युलू हंट पीटर्स यांनी. कॅलिफोर्नियातल्या या डॉक्टरीणबाई स्वतः एके काळी खूप लठ्ठ होत्या आणि त्यांनी सुमारे ७० पौंड वजन कमी केले होते. १९१८ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या. पोळीचा तुकडा ‘एक तुकडा’ म्हणून मोजू नका, १०० कॅलरी म्हणून मोजा, अशा धर्तीचा त्यांचा सल्ला होता.

कॅलरीचे ज्ञान उपयोगाचे आहे, यात शंका नाही. एक छोटा चमचा तेल म्हणजे सुमारे ४५ कॅलरी. दोन चमचे साखरेचा चहा दिवसात चार वेळा घेतला, तर नुसत्या साखरेच्याच सुमारे १६० कॅलरी होतात. उपासाला ‘काहीच नाही, फक्त मूठभर शेंगदाणे’ खाल्ले तरी पावणेदोनशेच्या आसपास कॅलरी पोटात जातात. हे माहीत असलेच पाहिजे.

पण या हिशोबातून एक चुकीची समजूतही रुजली. १९५८ मध्ये मॅक्स विश्नोफ्स्की या डॉक्टरांनी एक सोपा नियम मांडला. एक पौंड वजन म्हणजे ३५०० कॅलरी. म्हणून रोज ५०० कॅलरी कमी खा, आठवड्याला एक पौंड उतरेल. सुरुवातीचे काही आठवडे हे बऱ्यापैकी जमतेही. पण हा नियम कायम लागू पडता, तर ८० किलोचा माणूस साडेतीन वर्षांत नाहीसाच व्हायला हवा! तसे होत नाही, कारण शरीर ही वाण्याची वही नव्हे. खाणे कमी झाले की शरीर आपला खर्चही कमी करते. याचा धडधडीत पुरावा त्याआधीच मिळाला होता.

मिनेसोटातले ३६ तरुण

दुसरे महायुद्ध संपत आले होते. युरोपातल्या उपाशी लोकांना पुन्हा खायला कसे घालायचे, हे कोणाला नीट माहीत नव्हते. मिनेसोटा विद्यापीठातील ॲन्सेल कीज यांनी नोव्हेंबर १९४४ मध्ये त्यासाठी एक प्रयोग सुरू केला. तात्त्विक कारणाने युद्धात लढायला नकार दिलेले ३६ निरोगी तरुण त्यात स्वेच्छेने सामील झाले.

आधी त्यांना दिवसाला सुमारे ३२०० कॅलरी मिळत. नंतर २४ आठवडे हा आहार जवळजवळ निम्म्यावर, १६०० च्या आसपास आणला. बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी असे जेवण आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालणे. आज हातोहात फिरणाऱ्या कित्येक ‘डाएट चार्ट’मध्ये याहूनही कमी कॅलरी असतात, हे लक्षात घ्या.

तरुणांचे वजन पावपट घटले. पण त्याबरोबर विश्रांतीच्या अवस्थेतील शरीराचा ऊर्जाखर्च जवळजवळ ४० टक्के कमी झाला. नाडी मंदावली, थंडी वाजू लागली, चिडचिड आणि उदासी वाढली. डोक्यात दिवसरात्र अन्न. ज्यांनी कधी स्वयंपाकघरात पाऊल टाकले नव्हते, ते पाककृतींची पुस्तके जमवू लागले.

खरी शिकवण पुढे आहे. प्रयोग संपल्यावर पोटभर खायला मिळाले, तरी कित्येकांचे समाधान होईना. पोट फुगले तरी भूक जात नव्हती. वजन परत आले आणि त्यातही चरबी आधी भरून आली. काही काळ ती मूळ प्रमाणापेक्षा जास्तच होती.

हे तरुण लठ्ठ नव्हते, त्यामुळे सगळे निष्कर्ष लठ्ठ व्यक्तींना जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण एक गोष्ट स्पष्ट झाली. कडक उपासमारीनंतर येणारी खा-खा हा स्वभावदोष नाही. तो शरीराचा बचाव आहे.

१९५९ चा आरसा

तरीही दवाखान्यांत काय चालले होते? वजन करायचे, छापील आहारतक्ता हातात द्यायचा आणि ‘महिन्याने या’ म्हणायचे. १९५९ मध्ये आल्बर्ट स्टंकार्ड आणि मॅव्हिस मॅक्लारेन-ह्यूम यांनी या पद्धतीचा निकाल तपासला. न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात लठ्ठपणासाठी आलेल्या १०० रुग्णांचा त्यांनी माग ठेवला. त्यांपैकी फक्त १२ जणांचे वजन २० पौंड, म्हणजे ९ किलो उतरले. दोन वर्षांनंतर ते टिकवणारे उरले केवळ दोन!

शंभरातले अठ्ठ्याण्णव लोक आळशी किंवा अप्रामाणिक असतील का? की कागदाचा तक्ता हातात देण्याची पद्धतच अपुरी होती?

सवयींकडे लक्ष गेले

याचे उत्तर दोन दिशांनी आले. पहिली दिशा एका गृहिणीने दाखवली. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या जीन नायडिच यांचे वजन २१४ पौंड होते. एकदा दुकानात भेटलेल्या ओळखीच्या बाईंनी त्यांना ‘कितवा महिना?’ असे विचारले. त्या गरोदर नव्हत्या. मग त्या सरकारी दवाखान्यात गेल्या. आहारतक्ता मिळाला, वजन उतरूही लागले, पण बिस्किटे लपवून खाण्याची सवय सुटेना आणि ती दवाखान्यात सांगण्याची लाज वाटे. शेवटी त्यांनी सहा मैत्रिणींना घरी बोलावून ते मोकळेपणाने सांगितले. मैत्रिणींचीही तीच कथा निघाली. आठवड्याच्या या गप्पांतून १९६३ मध्ये ‘वेट वॉचर्स’ ही कंपनी उभी राहिली. कंपनीचे पुढे काय झाले ते सोडा. समदुःखी माणसांसमोर नियमाने बोलल्याने सवय बदलायला बळ मिळते, हा मुद्दा आपल्या कामाचा आहे.

दुसरी दिशा मानसशास्त्राची. १९६७ मध्ये रिचर्ड स्टुअर्ट यांनी आठ स्त्रियांवर केलेल्या उपचारांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांनी निग्रहावर भर दिलाच नाही. खाल्लेले लगेच लिहून ठेवा. घरात एकाच ठराविक जागी बसून खा. खाताना दुसरे काही करू नका. दोन घासांमध्ये चमचा खाली ठेवा. खाद्यपदार्थ नजरेसमोर ठेवू नका. अशा साध्या गोष्टी होत्या. वर्षभरात या स्त्रियांचे वजन सुमारे १२ ते २१ किलोंनी उतरले. आठ ही संख्या लहान आहे, पण पुढे मोठ्या अभ्यासांचा पाया इथेच घातला गेला.

‘मनाला आवर घाला’ या उपदेशापेक्षा ‘फरसाणाचा डबा वरच्या फळीवर ठेवा’ ही सूचना अधिक उपयोगी पडते, ती याचसाठी.

शरीर गेलेले वजन विसरत नाही

१९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने चरबीच्या पेशींतून निघणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाचा शोध जाहीर केला. चरबी कमी झाली की लेप्टिन घटते आणि मेंदूला ‘साठा संपत आला’ असा निरोप जातो. मग भूक वाढते आणि ऊर्जेची काटकसर सुरू होते.

२०११ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी ५० लठ्ठ व्यक्तींवरील अभ्यास प्रसिद्ध केला. दहा आठवड्यांच्या अत्यंत कमी कॅलरीच्या आहाराने सरासरी साडेतेरा किलो वजन उतरले. त्यानंतर वर्षभरानेही भुकेची संप्रेरके मूळ पातळीवर आली नव्हती आणि भूक वाढलेलीच होती. २०१६ मध्ये केविन हॉल यांनी अमेरिकेतील वजन घटवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतील १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी तपासले. बहुतेकांचे बरेच वजन परत आले होते आणि तरीही त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करत होते.

म्हणजे वजन परत येण्यामागे शरीरशास्त्र आहे. ‘मग प्रयत्न कशाला करायचे?’ असे कोणी म्हणेल. त्याचेही उत्तर इतिहासात आहे.

ज्यांनी टिकवले, ते काय करतात?

१९९४ मध्येच रीना विंग आणि जेम्स हिल यांनी उलटा प्रश्न विचारला. अपयशी लोकांचे खूप अभ्यास झाले, यशस्वी लोक काय करतात? किमान ३० पौंड, म्हणजे साडेतेरा किलो वजन उतरवून ते वर्षभर टिकवलेल्यांची त्यांनी नोंदवही सुरू केली. पुढे तिच्यात दहा हजारांहून अधिक लोकांची नोंद झाली. त्यांनी सरासरी ३० किलो उतरवून साडेपाच वर्षे टिकवले होते.

त्यांचे आहार एकसारखे नव्हते. पण काही सवयी बहुतेकांत सारख्या सापडल्या:

- चारांपैकी तिघे आठवड्यातून एकदा तरी वजन करतात.
- दहांपैकी नऊ जण रोज सरासरी तासभर व्यायाम करतात, बहुतेक जण चालतात.
- बहुतेकजण रोज सकाळी न्याहारी करतात.
- टीव्हीसमोर बसण्याचा वेळ कमी असतो.
- सुटीच्या दिवशी आणि कामाच्या दिवशी खाणे साधारण सारखेच असते.

हे लोक आपणहून नोंद करायला आलेले आहेत. त्यामुळे ‘न्याहारी केली म्हणून वजन टिकले’ असे यावरून सिद्ध होत नाही. पण दोन ते पाच वर्षे वजन टिकले की पुढे ते टिकवणे सोपे जाते, हे त्यांच्या अनुभवावरून दिसते. सुरुवातीची दोन वर्षे सर्वांत कठीण, असे समजून चाला.

आपल्या पुण्याचा धडा

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबतचा स्वतःचा फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१ टक्के! अंगाने बारीक, पण आतून चरबी जास्त अशी आपली ठेवण असते. म्हणून भारतीयांसाठी बॉडी मास इंडेक्सची निरोगी मर्यादा २३ पर्यंतच धरतात. पुरुषांची कंबर ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांची ८० सेंटीमीटरच्या आत हवी.

चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी २००६ मध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आहार आणि चालण्याच्या सवयी बदललेल्या गटात तीन वर्षांत मधुमेह होण्याचा धोका २८ टक्क्यांहून अधिक कमी झाला. विशेष म्हणजे त्या गटाचे सरासरी वजन फारसे उतरले नव्हते. काट्यावर आकडा हलला नाही, तरी बदललेल्या सवयी शरीराच्या उपयोगी पडतच असतात. निराश होऊन सोडून देणाऱ्यांनी हे आवर्जून लक्षात ठेवावे.

आणि आता इंजेक्शने

सध्या सेमाग्लुटाइडसारख्या औषधांची खूप चर्चा आहे. भूक कमी करून ती प्रभावीपणे वजन उतरवतात आणि योग्य रुग्णाला त्यांचा चांगला उपयोग होतो. पण औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आल्याचे अभ्यासात दिसले आहे. इंजेक्शन घेतले, तरी टिकवण्याचा प्रश्न बँटिंगच्या काळाइतकाच ताजा आहे.

मग आपण काय करायचे?

१. पहिले उद्दिष्ट लहान ठेवा. सध्याच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के. ८० किलोच्या व्यक्तीला ४ ते साडेपाच किलो. अमेरिकेतील २००२ च्या मोठ्या अभ्यासात ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम हे लक्ष्य ठेवल्याने मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी कमी झाला होता.

२. जो बदल दोन वर्षांनीही करता येईल, तोच आज करा. भात कायमचा सोडणे जमणार नसेल, तर सोडू नका. दोन वाट्यांचा एक वाटी करा. ताटात आधी कोशिंबीर, भाजी आणि उसळ किंवा घट्ट वरण वाढून घ्या, पोळी-भाकरी आणि भात नंतर.

३. घर बदला, म्हणजे मन आपोआप सांभाळले जाईल. बिस्किटे, शेव, चिवडा घरात कमी आणा. टीव्ही आणि मोबाईल समोर ठेवून जेवू नका. महिन्याला घरात किती तेल आणि साखर येते ते लिहून ठेवा आणि हळूहळू कमी करा.

४. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी वजन करा. दोन किलो वाढले की लगेच जागे व्हा. दहा किलो वाढण्याची वाट पाहू नका.

५. व्यायाम टिकवण्यासाठी आहे. नुसत्या व्यायामाने वजन उतरवणे अवघड, पण उतरलेले टिकवताना त्याची साथ मोलाची.

६. सोबत शोधा. नवरा, बायको, शेजारीण, ऑफिसातला मित्र, कोणीही चालेल. एकाच्या ताटात वाफवलेल्या भाज्या आणि बाकीच्यांच्या ताटात भजी, असे घरात फार दिवस चालत नाही.

७. लग्नसराई, दिवाळी, प्रवास यात चार दिवस बिघडणारच. पाचव्या दिवशी पुन्हा नेहमीच्या ताटाकडे वळा. शिक्षा म्हणून उपास करू नका.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी आहार एकदम कमी केल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. त्यांनी, तसेच गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रिया, वृद्ध आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच बदल करावा. काहीही न करता वजन घटू लागले किंवा अचानक वाढू लागले, तर आधी तपासणी करून घ्यावी.

तुमचे वजन पूर्वी उतरून परत चढले असेल, तर तेवढ्यावरून निग्रह नाही असा निकाल देऊ नका. वजन उतरवणे तुम्हाला एकदा जमले आहे. या वेळी पहिल्या दिवसापासून टिकवण्याची तयारी ठेवा. सुरुवात हवी तर आजच्या संध्याकाळच्या चहातल्या एका चमचा साखरेपासून करा.